आधी पाया, मग ग्राफिक्स कार्ड

मोजक्या पैशांत गेमिंग पीसी बांधायला बसले की सगळ्यात आधी एक वाटणी करावी लागते: आज काय घ्यायचे आणि काही महिन्यांनी, हातात पुन्हा पैसे आल्यावर, काय घ्यायचे. ही वाटणी नीट झाली तर ३५ हजारांत सुरू झालेला संगणक पुढे कित्येक वर्षे वाढत राहतो. ती बिघडली तर तेवढ्याच पैशांत दिव्यांनी झगमगणारा एक डबा घरी येतो आणि वर्षभरात त्यातले निम्मे भाग बदलावे लागतात. भाच्यासाठी, मग त्याच्या मित्रांसाठी आणि ऑफिसातल्या एकदोन सहकाऱ्यांसाठी असे संगणक जुळवून देताना माझे हे मत पक्के होत गेले आहे, आणि ज्या घरांत पैसा एकरकमी येत नाही त्या घरांसाठी ते लिहून ठेवावे असे वाटते.

ताईचे घर लालबागच्या एका चाळीत आहे. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि २०२४ च्या सुरुवातीला ताईची भिशी लागली तेव्हा त्यातले ३५ हजार संगणकासाठी काढायचे ठरले. याखेरीज त्याची स्वतःची कमाई होती. उन्हाळ्यापासून गणपती येईपर्यंत तो परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातो आणि त्याचा मेहनताना बहुतेक वेळा हंगाम संपल्यावरच हातात पडतो. म्हणजे पैसे दोनदा येणार होते, एकदा भिशीचे आणि एकदा गणपतीनंतरचे. संगणकही दोनदा बांधायचा, हे मी तेव्हाच मनाशी ठरवले.

ताईची समजूत काढताना भाच्याने साहजिकच अभ्यासाचे कारण पुढे केले. मराठी घरांत संगणक बहुधा याच वाटेने आत आला. मुलांच्या अभ्यासासाठी, एमएस-सीआयटीसाठी, प्रोजेक्टच्या प्रिंटसाठी. मी मात्र ताईला सरळ सांगितले की हा संगणक मुख्यतः खेळण्यासाठी आहे आणि तेवढे कारण पुरेसे आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून कारखाना आणि रात्री दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे, अशा दिवसात दोन तास स्वतःच्या आवडीने घालवण्याचा हक्क त्या मुलाला आहे. ज्याला क्रिकेटची हौस असते त्याला आपण बॅट घेऊन देताना अभ्यासाचा दाखला मागत नाही. अभ्यासही त्याच संगणकावर झाला, पण खरेदी खेळासाठी आहे हे मान्य केल्यामुळे पैसे कुठे घालायचे हे स्पष्ट झाले, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या स्पष्टतेतून सोपा झाला.

लॅपटॉपचा विचार झाला आणि लगेच मागे पडला. स्वस्त लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारी, चिप मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) कायमची जोडलेली असते. आज जे मिळेल तेच शेवटपर्यंत. गेमिंग कन्सोल सुरुवातीला परवडतो, पण त्यावर कॉलेजचे ड्रॉइंग निघत नाही. डेस्कटॉपचे मोठेपण हे आहे की तो अर्धवट असतानाही पूर्ण काम करतो. चाळीतल्या खोलीत माणूस आधी राहायला येतो आणि पोटमाळा नंतर, पैसे साठतील तसा घालतो. डेस्कटॉप तसाच वाढवता येतो, फक्त भिंती पोटमाळ्याचे ओझे पेलतील अशा पहिल्या दिवसापासून हव्यात.

एक तिसरा मार्ग आहे आणि तो मी कुणालाही कमी लेखून सांगत नाही: कंपन्यांनी काढून टाकलेले, नूतनीकरण केलेले ऑफिसचे संगणक. डेल, एचपी, लेनोवो यांचे चौथ्या किंवा सहाव्या पिढीचे आय-५ असलेले डबे मुंबईत सहज मिळतात. त्यात ज्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही असे छोटे ग्राफिक्स कार्ड बसवता येते, कारण मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देऊ शकतो आणि जीटीएक्स १६५० सारखी २०१९ मधली कार्डे तेवढ्यात चालतात. ज्याच्याकडे २० हजारांच्या आतच रक्कम आहे त्याने हेच करावे. पण या डब्यांमध्ये अनेकदा मदरबोर्डचा आकार आणि एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची) जोडणी त्या कंपनीची खास असते, बाजारातला नेहमीचा भाग त्यात बसत नाही. म्हणजे तो संगणक विकत घेताना जेवढा असतो, साधारण तेवढाच राहतो. आमच्या दोन टप्प्यांच्या बेताला तो जुळणारा नव्हता.

पाया म्हणजे मदरबोर्ड आणि त्यावरचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा. २०२४ मध्ये एएमडी कंपनीच्या नव्या एएम५ सॉकेटसाठी नव्या पिढीची डीडीआर५ रॅम लागत होती आणि मदरबोर्डही महाग होते. इंटेलचा आय-३ १२१००एफ हा प्रोसेसर खेळासाठी उत्तम आणि स्वस्त, पण नावातला ‘एफ’ सांगतो की त्याच्यात ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. उरला एएमडीचा एएम४. हा सॉकेट २०१६ मध्ये आला, २०१७ मध्ये त्यावर पहिले रायझन बसले आणि २०२२ मध्ये कंपनीने २०१७ च्या मदरबोर्डांनाही नवे बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) घालून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवायची मुभा दिली. जानेवारी २०२४ मध्येसुद्धा याच सॉकेटसाठी ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) ५७००एक्स३डी नव्याने आला. इतका काळ एकाच सॉकेटवर नवे प्रोसेसर येत राहणे ही कमी पैसेवाल्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे; पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळे जिथल्या तिथे.

आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि मुख्य म्हणजे आतच असलेले ग्राफिक्स. या निवडीवर जाणकार मुलांनी आक्षेप घेतला आणि त्यात तथ्य होते. जवळजवळ त्याच नावाच्या साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, ५६००जी मध्ये १६. साधा ५६०० पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्डाशी असलेल्या जोडणीची, चौथी पिढी देतो, ५६००जी तिसरीवर थांबतो. पुढे चांगले कार्ड लावल्यावर ५६०० काही खेळांत स्पष्टपणे पुढे राहतो. पण ५६०० घेतला असता तर पहिल्याच दिवशी कार्डही घ्यावे लागले असते, आणि उरलेल्या पैशांत जे कार्ड आले असते ते गणपतीनंतर टाकूनच द्यावे लागले असते. आतल्या ग्राफिक्सचा आणखी एक फायदा माझ्या मनात होता. उद्या कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले, तरी संगणक चालू राहील. एकच संगणक असलेल्या घरात ही गोष्ट सेकंदाला चार फ्रेम, म्हणजे चार चित्रे, जास्त मिळण्याहून मोलाची आहे.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाचते, म्हणून रॅम कशी बसवली आहे यावर त्याचा वेग फार अवलंबून असतो. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेते. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलवर बसवल्या की ५१.२. एकच १६ जीबीची पट्टी आणि दोन ८ जीबीच्या पट्ट्या यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, पण दुकानदार बरेचदा ‘पुढे वाढवायला जागा राहील’ म्हणून एकच पट्टी सुचवतात. आतल्या ग्राफिक्सवर खेळायचे असेल तर हा सल्ला मानू नये. जागा हवी तर चार स्लॉटचा मदरबोर्ड घ्यावा. आम्ही तसा बी५५० चिपसेटचा घेतला आणि पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग) सुरू करावे लागते, नाहीतर ३२०० ची रॅम निमूटपणे २४०० वर किंवा २६६६ वर चालत राहते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

आता एसएमपीएसविषयी, कारण माझी सगळ्यात जास्त कळकळ इथे आहे. कमी बजेटच्या संगणकात पैसे वाचवायला सगळे पहिला हात इथेच घालतात. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस बाहेरून ४५० वॅटचा म्हणवतो. त्याच्या अंगावरचा तक्ता वाचावा. आजच्या संगणकातले प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मुख्य भार १२ व्होल्टच्या वाहिनीवर असतात. तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार १९२ येतो. म्हणजे ४५० वॅटच्या त्या डब्यातून कामाचे वॅट दोनशेही निघत नाहीत. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४० च्या पुढे अँपिअर असतात. हा एक गुणाकार दुकानात उभे राहून कुणालाही करता येतो आणि तो केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

८० प्लसची खूण लोक पाहतात, ते चांगलेच आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचते, उरलेली उष्णता होऊन जाते, एवढे ती मूळ खूण सांगते. ब्राँझ, गोल्ड या त्यावरच्या पायऱ्या. परंतु ही खूण कार्यक्षमतेपुरतीच आहे. शॉर्टसर्किट झाले तर तो एसएमपीएस वेळेवर बंद पडेल का, आतले कपॅसिटर उन्हाळ्यात किती वर्षे टिकतील, हे ती खूण सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षे पाहावीत. जी कंपनी पाच वर्षांची हमी देते तिने आतल्या मालाचा काही विचार केलेला असतो. भाच्याच्या संगणकात एसएमपीएसला चार हजार गेले आणि कॅबिनेटला तीन हजारांहून कमी. प्रोसेसर बिघडला तर प्रोसेसर जातो, पण वाईट एसएमपीएस जाताना मदरबोर्ड, रॅम आणि कार्ड यांना बरोबर घेऊन जाऊ शकतो. ज्याला पुन्हा सगळे घेणे परवडते त्याने हा धोका पत्करावा. ज्याला परवडत नाही त्याने एसएमपीएसवर पैसे वाचवणे हे माझ्या मते सगळ्यात महाग पडणारे धोरण आहे.

किती वॅट लागतात याचा हिशेबही शांतपणे करावा. ५६००जी ची औष्णिक मर्यादा ६५ वॅट लिहिलेली असते, प्रत्यक्षात तो ८८ पर्यंत जातो. पुढे जे कार्ड घ्यायचे मनात होते त्याला १३२ वॅट लागतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी (माहिती साठवणारा भाग), पंखे धरले तरी तीनशेच्या आत. ५५० वॅट पुरेसे होते, आणि कार्डासाठी आठ पिनची जोडणी त्यात आहे याची खात्री करून घेतली. साडेसातशे वॅटचा हलका माल घेण्यापेक्षा साडेपाचशेचा चांगला माल केव्हाही बरा.

खरेदी अर्थातच लॅमिंग्टन रोडला. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेले असते; ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरले की पाच-दहा मिनिटांत माणूस तिथे पोहोचतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे नोकरदारांना शनिवारीच गाठावे लागते आणि शनिवारी गर्दीत दुकानदाराला बोलायला सवड नसते. मी एक दिवस ऑफिसातून लवकर निघून गेले. या रस्त्याची एक रीत मला आवडते: तुम्ही भागांची यादी नेमकी लिहून नेली, मॉडेलच्या पूर्ण नावानिशी, तर बहुतेक दुकानांत पाच मिनिटांत कोटेशन हातात मिळते, आणि ते घेऊन तुम्ही शेजारच्या दुकानात गेलात तर कुणी रागावत नाही. यादीत नुसते ‘बी५५० मदरबोर्ड’ किंवा ‘५०० जीबी एनव्हीएमई’ (एक प्रकारची एसएसडी) लिहिले तर मात्र प्रत्येक दुकानदार आपल्याकडचा सोयीचा माल धरून दर सांगतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

“मॅडम, बिल लगेगा क्या?” हा प्रश्न तिथे अजून ऐकू येतो. संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि ३५ हजारांच्या खरेदीत तो आकडा डोळ्यांत भरतो. मी हिशेबनिसाचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर ठरलेले असते. पण कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी पक्के बिल हा त्या भागाचाच एक हिस्सा आहे. एसएसडी तीन वर्षांनी बंद पडली तर सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर सिरियल नंबरबरोबर बिल मागतात. पुढे तो भाग विकायचा झाला तर बिल असलेल्या मालाला दर चांगला येतो. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि दुकान सोडण्याआधी खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा. पेटीबंद नसलेला, नुसता प्लॅस्टिकच्या ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. त्याच्याबरोबर पंखा नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते. आम्ही पेटीबंदच घेतला.

जुळणी भाच्याने स्वतः केली, मी शेजारी बसले होते. मुंबईच्या दमट हवेचा एक फायदा असा की कोरड्या प्रदेशांत अंगावर जी स्थिर वीज साठते ती इथे कमी साठते. तरीही दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच भाग उचलायची सवय त्याला लावली. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूने असतात, त्या वाकल्या तर सरळ करणे जिकिरीचे असते. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर आपल्या वजनाने आत बसू द्यायचा, दाबायचा नाही. बाकीची जुळणी म्हणजे धीर धरून पुस्तिका वाचणे एवढेच आहे. सगळ्यात किचकट म्हणजे कॅबिनेटच्या बटणांच्या बारीक तारा, त्या मात्र मोबाइलच्या उजेडात एकेक करून लावाव्या लागतात.

त्याला कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे पंखे हवे होते. दोन पंख्यांच्या दरात एसएमपीएसची एक पायरी चढता येते हे मी दाखवले तेव्हा तो म्हणाला, “राहू दे मावशी, लाईट दिवाळीला घेऊ.” पुढून जाळी असलेले, हवा खेळती राहणारे कॅबिनेट आम्ही निवडले. काचेच्या बंद पुढच्या भागाचे कॅबिनेट दिसायला सुंदर असते, पण कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ३४ अंश असतील तर सगळी गणिते ३४ पासून सुरू होतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्यांनी हवेचा मार्ग आधी पाहावा.

मग कार्डाविना काढलेले महिने आले. या महिन्यांबद्दल मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण अनेकांना वाटते की कार्ड नसलेला गेमिंग पीसी म्हणजे वाया गेलेले पैसे. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलरंट हे दोन्ही खेळ विनामूल्य आहेत आणि ५६००जी वर ते सेटिंग कमी करून नीट चालतात. जड खेळांसाठी रिझोल्यूशन उतरवायचे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. ग्राफिक्सवरचा भार निम्म्याहून खाली येतो. २०२१ मध्ये आलेले एफएसआर हे तंत्र कमी ठिपक्यांचे चित्र रंगवून ते मोठे करून दाखवते आणि जुन्या कार्डांवर, दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालते. कोणते सेटिंग डोळ्यांना दिसते आणि कोणते नुसतेच यंत्राला दमवते, हे भाचा या महिन्यांत शिकला. सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणल्या तर चित्र फारसे बिघडत नाही आणि वेग मात्र वाढतो, टेक्स्चरसाठी, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाच्या बारकाव्यांसाठी, वेगापेक्षा मेमरी लागते. सुरुवातीलाच तगडे कार्ड मिळालेल्या मुलांना या गोष्टी शिकायची वेळ येत नाही, आणि पुढे कार्ड जुने झाले की त्यांना थेट नवेच घ्यावेसे वाटते.

२०२४ चे गणपती सप्टेंबरात होते. विसर्जनानंतर मेहनताना मिळाला आणि आम्ही सेकंड हँड कार्ड शोधायला लागलो. या बाजाराला एक इतिहास आहे. २०२१ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डांचे भाव इतके चढले होते की सामान्य मुलांनी नाद सोडला होता. त्याचे एक मोठे कारण म्हणजे इथेरियमसारख्या आभासी चलनांच्या मायनिंगसाठी, म्हणजे यंत्रांना गणिते सोडवायला लावून ते चलन मिळवण्यासाठी, लोक कार्डांच्या राशी विकत घेत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे ते मायनिंग थांबले आणि वापरलेली कार्डे बाजारात लोटली. मायनिंग केलेले कार्ड वाईटच असते असे मी म्हणणार नाही. ते बहुधा एकसारख्या भाराखाली चालवलेले असते. झिजतात ते पंखे, सुकते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट आणि कडक होतात ते त्याच कामाचे, मेमरीवरचे थर्मल पॅड. हे तिन्ही बदलता येतात. विकणाऱ्याने ते लपवले नाही आणि दर त्याप्रमाणे लावला तर व्यवहार रास्त आहे.

आरएक्स ५८० हे २०१७ चे कार्ड सगळ्यात स्वस्त मिळत होते, आणि तिथे एक सावधगिरी लागते. त्या नावाची दोन कार्डे आहेत. मूळ ५८० मध्ये २३०४ प्रक्रिया घटक असतात, तर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी निघालेल्या ‘२०४८एसपी’ प्रकारात २०४८. तो क्षमतेने आरएक्स ५७० या खालच्या कार्डाच्या जवळचा असतो. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम हा आकडा दाखवतो. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून एएमडीने या पिढीच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची) कामे कमी केली आहेत. नवे आरएक्स ६५०० एक्सटी आमच्या पैशांत बसत होते, तेही मी नाकारले. त्यात मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डशी बोलायला चारच मार्गिका. ५६००जी तिसऱ्या पिढीवर असल्यामुळे त्या चार मार्गिकांचा वेग निम्मा झाला असता, आणि मेमरी भरली की खेळ अडखळला असता. नव्याचा मोह धरून कमी मिळवण्यापेक्षा जुने पण धड कार्ड घ्यावे, या निष्कर्षावर आम्ही आलो आणि आरएक्स ६६०० शोधू लागलो: २०२१ चे कार्ड, ८ जीबी मेमरी, आठ मार्गिका, आणि त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी. आतल्या ग्राफिक्सला मिळणाऱ्या ५१.२ शेजारी हा आकडा ठेवला की कार्ड लावल्याने काय बदलते ते वेगळे सांगावे लागत नाही.

दुकानांत सेकंड हँड मालाला सात-आठ दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतात, तीही वाईट नाही. आम्हाला मात्र डोंबिवलीचा एक मुलगा भेटला, जो स्वतःचे कार्ड काढून मोठे घेत होता. त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच संगणकात चालू असलेले कार्ड पाहिले. अर्धा तास पूर्ण भार टाकून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावर कुठे ठिपके-चौकोन उमटतात का ते पाहायचे. कार्डाचे सरासरी तापमान आणि सगळ्यात गरम जागेचे तापमान यांत फार मोठी दरी दिसली तर पेस्ट सुकली आहे असे समजायचे. मागच्या सगळ्या सॉकेटांत केबल लावून पाहायची. कार्ड आधी उघडले होते का हे कळावे म्हणून स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या आहेत का ते बोट फिरवून तपासायचे. त्याच्या आईने चहा दिला, मुलाने मूळ बिल आणि खोके दिले, वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते. साडेतेरा हजारांना व्यवहार झाला. भाच्याने स्वतःच्या रंगकामाच्या पैशांतून ते मोजून दिले तेव्हा ताई काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिने सगळ्यांना ते कार्ड दाखवले.

कार्ड आल्यावर घरात आवाज आणि उष्णता वाढली, आणि चार माणसांच्या खोलीत तो खरा प्रश्न असतो. त्यावर बिनपैशाचा उपाय आहे. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर कार्डाला १४० चित्रे रंगवू देण्यात फारसा लाभ नाही. फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली की कार्ड कमी वीज खाते, पंखे मंदावतात आणि ताई शेजारी झोपू शकते. कार्डाचे व्होल्टेज थोडे उतरवून पाहिले, तर खेळाच्या वेगाला धक्का न लागता आणखी काही अंश कमी झाले. विजेचा हिशेबही ताईसमोर मांडला: संगणक आणि मॉनिटर मिळून अडीचशे वॅट धरले आणि रोज चार तास खेळला, तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. एवढे त्याने आपल्या पैशांतून द्यायचे ठरले आहे.

पावसाळा हा मुंबईतल्या प्रत्येक यंत्राचा परीक्षेचा काळ. जून ते सप्टेंबर संगणक आठवडाभर बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालला की आतला ओलावा उडतो. रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवरून मऊ खोडरबर फिरवणे हा लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय मी आजही करते, आणि पडदा काळा राहण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तेवढ्यानेच मिटतात. यूपीएस आम्ही अजून घेतलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० सारखा सगळी मुंबई थांबवणारा अंधार विरळा, आणि लालबागला बेस्टची वीज सहसा जात नाही. ज्यांच्या भागात वारंवार जाते त्यांनी तो पहिल्या टप्प्यातच धरावा.

या सगळ्यानंतर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी लागते आहे की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल तिकडे वळला आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला महागाई आली. भाच्याचे १६ चे ३२ करण्याचे बेत मी थांबवायला सांगितले. त्याच्या खेळांना १६ अजून पुरते आणि चढत्या भावात घाईने घेतलेली मेमरी त्याच्या कामाची नाही. नव्याने संगणक बांधणाऱ्यांना मात्र मी आता वेगळा सल्ला देते: नव्या रॅमच्या मागे न लागता डीडीआर४ च्या जुन्या पट्ट्या, शक्य तर मदरबोर्डसकट, सेकंड हँड बघा, कारण रॅम हा झीज जवळजवळ नसलेला भाग आहे आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून ती पूर्ण तपासता येते.

भाच्याचा पुढचा खर्च मॉनिटरवर होईल. आजवर तो माझ्या ऑफिसातून भंगारात निघालेल्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर खेळतो आहे आणि कार्डाची निम्मी ताकद त्या पडद्यापाशी अडते. २४ इंचांचा, १०० हर्ट्झचा, फ्रीसिंक (पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) असलेला, आयपीएस प्रकारच्या पडद्याचा मॉनिटर आम्ही हेरून ठेवला आहे. कारखान्याचे काम उन्हाळ्यात सुरू होईल. पैसे पुन्हा गणपतीनंतर येतील, आणि दुकानात मॉनिटर उघडून, पांढरा आणि काळा पडदा लावून, मेलेला ठिपका नाही हे पाहूनच तो घरी आणायचा आहे.